फ्लाइंग ब्रांचचा अर्ज: तयारी शेवटच्या टोकापासून सुरू करा

हवाई दलात वैमानिक व्हायचं ठरलं की बहुतेक मुलं-मुली आधी लेखी परीक्षेचं पुस्तक घेऊन येतात. मग क्लास, मॉक टेस्ट, निकाल, मुलाखत. आणि सगळं पार पडल्यावर वैद्यकीय तपासणीत कळतं की मांडीची लांबी मर्यादेपेक्षा जास्त आहे किंवा रंगदृष्टीत दोष आहे. ज्या कारणावर दोन वर्षांची मेहनत थांबली, ते कारण घरातल्या मोजपट्टीने आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या एका फेरीत पहिल्याच आठवड्यात समजलं असतं. म्हणून माझा आग्रह असा की या अर्जाची तयारी उलटी करावी. जे बदलता येत नाही ते आधी तपासा, ज्याला वर्षं लागतात ते त्यानंतर लगेच सुरू करा आणि जे चार-सहा महिन्यांत जमतं ते सगळ्यात शेवटी घ्या. लेखी परीक्षा या तिसऱ्या गटात मोडते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं.

आधी टेप घ्या, पुस्तक नंतर

फ्लाइंग ब्रांचसाठी किमान उंची १६२.५ सेंटिमीटर लागते. काही प्रदेशांतल्या उमेदवारांना यात सवलत आहे. पण नुसती उंची पुरत नाही, कारण कॉकपिट ठरावीक मापाचं असतं. पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत, डोकं कॅनोपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाला, लागता कामा नये आणि आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत. म्हणून आणखी तीन मापं घेतली जातात. बसलेली उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर.

ही मापं घरी घेता येतात. भिंतीला पाठ, डोकं आणि कंबर पूर्ण टेकवून जमिनीवर ताठ बसा, डोक्यावर पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. ही बसलेली उंची. तसंच बसून पाय समोर सरळ पसरा, गुडघे वाकू देऊ नका आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजा. हे पायांचं माप. मांडीसाठी गुडघा काटकोनात वाकवून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या आणि वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. मापं सीमेच्या अगदी जवळ असतील तर घाबरून जाऊ नका, वैद्यकीय बोर्डाचं मापच अंतिम असतं.

मग डोळे. एका डोळ्याची दृष्टी चष्म्याशिवाय ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ हवी. ६/९ चा डोळा सुधारून ६/६ व्हावा लागतो, तोही फक्त प्लस नंबरच्या बाबतीत. मायनस नंबर फ्लाइंगला चालत नाही. रंगदृष्टी सर्वोच्च प्रतीची, म्हणजे सीपी-१ लागते. डॉक्टरांना 'इशिहारा प्लेट्सवर तपासा' (रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायची चाचणी) असं स्पष्ट सांगा. साध्या नंबरच्या तपासणीत हा भाग बऱ्याचदा राहून जातो.

चष्मा असलेल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लेझर करून घेऊ का? इथे घाई अजिबात नको. बारावीनंतर एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मार्गाने जाणाऱ्याला लॅसिक किंवा पीआरके ही लेझर शस्त्रक्रिया झालेली चालत नाही. पदवीनंतरच्या प्रवेशात त्याला वाव आहे, पण अटींसह. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० पेक्षा जास्त हवं, तिला किमान वर्ष उलटलेलं हवं, आधीचा नंबर आणि डोळ्याची लांबी मर्यादेत हवी. अठराव्या वर्षी कुणाच्या सांगण्यावरून लेझर करून घेतलेल्या मुलाला हा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेतल्यासारखं होतं. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीच्या अधिसूचनेतला नेत्रविषयक भाग छापून घ्या, तो घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि मगच निर्णय करा.

जमल्यास कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यालाही एकदा दाखवून घ्या. नाकाचा पडदा फार वाकडा असणं, कानात मळ साचणं, दात किडलेले असणं, वजन जास्त असणं, ही अनफिट ठरण्याची नेहमीची कारणं आहेत आणि यातली बरीचशी वेळेत दुरुस्त होतात. दातांचे गुण मोजले जातात आणि किमान १४ लागतात. टॅटू असेल तर त्याचे नियम वाचा, नसेल तर काढू नका.

कोणत्या दारातून जायचं

दारं चार आहेत. पहिलं एनडीए. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असलेल्या किंवा बारावीत शिकत असलेल्या, साडेसोळा ते साडेएकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना हे दार खुलं झालं आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यांची पहिली तुकडी खडकवासल्यातून बाहेर पडली. दुसरं, पदवीनंतरची सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा. तिसरं ॲफकॅट, हवाई दलाची स्वतःची परीक्षा, वर्षातून दोनदा. चौथं, एनसीसी स्पेशल एंट्री. एअर विंगचं सीनियर डिव्हिजन 'सी' सर्टिफिकेट असेल तर लेखी परीक्षाच नाही, थेट मुलाखतीचं बोलावणं.

एनडीए आणि सीडीएसमधून मिळतं ते पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी. ॲफकॅटमधून फ्लाइंगला मिळतं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, १४ वर्षांचं. कॉकपिट तेच, प्रशिक्षण तेच, पण पुढच्या आयुष्याचं गणित वेगळं. हा फरक घरच्यांशी आधीच बोलून घ्या.

ॲफकॅटच्या अटी अशा: फ्लाइंगसाठी वय २० ते २४, बारावीला मॅथ्स आणि फिजिक्स दोन्हीत किमान ५० टक्के, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीत किंवा इंजिनिअरिंगमध्ये किमान ६० टक्के. म्हणजे बारावी सायन्स करून पुढे बीए केलेली मुलगीही पात्र ठरते, हे अनेकांना माहीतच नसतं. व्यावसायिक वैमानिकाचा वैध परवाना असेल तर वय २६ पर्यंत. पंचविशीच्या आतला उमेदवार अविवाहित असावा लागतो. शेवटच्या वर्षाला असाल तर बॅकलॉग चालत नाही.

वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, तुकडी सुरू होण्याच्या तारखेला मोजतात. जानेवारी २०२७ च्या तुकडीसाठी जन्म २ जानेवारी २००३ ते १ जानेवारी २००७ या दरम्यान हवा. वर्षाच्या सुरुवातीची परीक्षा पुढल्या जानेवारीच्या तुकडीसाठी आणि मधली परीक्षा पुढल्या जुलैच्या तुकडीसाठी असते. एक कागद घ्या, आपल्या वयात बसणाऱ्या सगळ्या संधी तारखेनिशी त्यावर मांडा आणि तो भिंतीवर लावा. किती वेळ हातात आहे हे डोळ्यांसमोर असलं की अभ्यासाची घाई आणि आळस दोन्ही आटोक्यात राहतात.

अकरावी-बारावीतल्या वाचकांसाठी खास सांगणं: कॉलेज निवडताना तिथे एनसीसी एअर विंग आहे का ते विचारा. सगळीकडे ती नसते, आणि 'सी' सर्टिफिकेटला तीन वर्षं लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी सुचून त्याचा उपयोग नाही.

पीआयक्यू: ज्याला वर्षं लागतात तो कागद

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मुलाखत केंद्रावर भरून द्यायचा पीआयक्यू फॉर्म (वैयक्तिक माहितीची प्रश्नावली), आणि त्याची तयारी जवळजवळ कुणीच करत नाही. त्यात कुटुंबाची माहिती, दहावीपासूनचे गुण, खेळ, छंद, एनसीसी, इतर उपक्रम, पार पाडलेल्या जबाबदाऱ्या आणि आधीचे प्रयत्न भरायचे असतात. मुलाखत घेणारा अधिकारी हा कागद समोर ठेवूनच बोलतो. त्याचे बहुतेक प्रश्न यातूनच निघतात.

आजच एका कोऱ्या कागदावर हे रकाने आखा आणि प्रामाणिकपणे भरा. 'खेळ' या रकान्यात काय येतं? शाळेत कधीतरी खेळलेला क्रिकेट? 'जबाबदाऱ्या' रिकामा राहिला? मग पुढची दोन वर्षं काय करायचं ते तुमच्यासमोर आहे. एखाद्या सांघिक खेळात नियमित उतरा. गणेशोत्सव मंडळाचा हिशेब सांभाळा, कॉलेजच्या कार्यक्रमाचं नियोजन अंगावर घ्या, गडावर जाणाऱ्या गटाचं नेतृत्व करा. प्रमाणपत्र मिळालं नाही तरी हरकत नाही. अधिकारी विचारतो ते असं: किती जण होते, पैसे कुठून आले, कोण भांडलं, तू काय केलंस? ज्याने खरंच काम केलंय तो याची उत्तरं झोपेतही देतो. ज्याने नुसतं लिहिलंय तो तिसऱ्या प्रश्नाला अडकतो.

छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिणार असाल तर गेल्या महिन्यात काय वाचलं, त्यातलं काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. 'विमानांची आवड' लिहिणार असाल तर सुखोई-३० एमकेआय आणि तेजस यांची इंजिनं किती, पीसी-७ विमानावर काय शिकवतात, मिग-२१ कधी निवृत्त झालं (२६ सप्टेंबर २०२५, चंडीगड) हे ओठांवर हवं. हवाई दलात जायचंय पण जवळच्या तळावर कोणती विमानं उडतात ते माहीत नाही, असा उमेदवार मुलाखतीत फार काळ टिकत नाही.

लेखी परीक्षा आणि अर्ज

ॲफकॅट ही १०० प्रश्नांची, ३०० गुणांची, दोन तासांची संगणकावरची परीक्षा असते. सामान्य ज्ञान, इंग्रजी, अंकगणित, आणि रीझनिंग व मिलिटरी ॲप्टिट्यूड. माध्यम इंग्रजी. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. गणित करून पाहा: चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तर सरासरीने ना फायदा ना तोटा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला की मग अंदाज करणं फायद्याचं ठरतं. ७५ प्रश्न सोडवून ६५ बरोबर आणि १० चूक आले तर १८५ गुण होतात. म्हणजे सगळा पेपर सोडवायचा अट्टहास नको.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीकडे वर्षभर आधी लक्ष द्यावं, आणि ते लेखीपेक्षा बोलण्यासाठी जास्त. रोज एका बातमीवर दोन मिनिटं मोठ्याने, न थांबता, साध्या वाक्यांत बोला. उच्चार इंग्रजांसारखे नसले तरी चालतात. विचार तुटता कामा नये.

अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं नाव आणि जन्मतारीख आहे, तसंच अक्षर न् अक्षर सगळीकडे असू द्या. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि आडनाव कधी आधी, कधी शेवटी येतं. आधार, मार्कशीट आणि अर्ज यांत तीन वेगळे क्रम असतील तर ते दुरुस्त करायला आत्ताच अर्ज द्या, कारण गॅझेट किंवा आधारची कामं महिन्यांवर जातात. विद्यापीठ ग्रेड देत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आणा. शेवटच्या वर्षाला असाल तर प्राचार्यांच्या सहीचा दाखला लागतो.

शाखांचा पसंतीक्रम मनापासून भरा. फ्लाइंग पहिलं ठेवा, पण ग्राउंड ड्यूटीच्या, म्हणजे जमिनीवरच्या कामाच्या, शाखा खरोखर करायच्या असतील तरच खाली लिहा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो आणि 'काहीतरी मिळावं म्हणून लिहिलं' हे चेहऱ्यावर दिसतं.

एएफएसबीचे दिवस

लेखी पार झाली की बोलावणं येतं ते एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाचं. डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी, कांचरापाडा इथे हे बोर्ड आहेत. त्या प्रवेशप्रकारासाठी पहिल्यांदा जात असाल तर प्रवासखर्च परत मिळतो, तेव्हा तिकिटं जपून ठेवा.

पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. आधी बुद्धिमत्ता चाचणी, मग धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची आणि गटात चर्चा करून एकमताची गोष्ट ठरवायची. बरेचसे उमेदवार त्याच दुपारी परत निघतात. इथे घोळ होतो तो चर्चेत. सगळे एकाच वेळी ओरडतात, आणि ओरडणं म्हणजे पुढाकार असा गैरसमज असतो. आपली गोष्ट स्वच्छ आवाजात मांडा, दुसऱ्याचा चांगला मुद्दा उचलून पुढे न्या, गप्प बसलेल्याला एकदा बोलायला लावा. तीन-चार वेळा मुद्देसूद बोललात तरी भागतं.

मग मानसशास्त्रीय चाचण्या. चित्रांवरच्या बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, सुचेल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग, अर्धा तास. शेवटी स्वतःचं वर्णन. पाठ केलेल्या उत्तरांचा इथे फार तोटा होतो. समजा प्रसंग आहे: 'ट्रेकहून उतरताना मित्राचा पाय मुरगळला, अंधार पडत होता आणि फोनला रेंज नव्हती.' क्लासमध्ये घोटलेलं उत्तर असतं, 'मित्राला खांद्यावर घेऊन गावात पोचला आणि सगळ्यांनी कौतुक केलं.' खरं उत्तर असं असतं: पाय बांधला, दोघांना टॉर्च देऊन खालच्या वाडीत मदतीला पाठवलं, उरलेल्यांनी काठ्यांचा आधार करून त्याला हळूहळू उतरवलं. दुसऱ्या उत्तरात आधी काय, मग काय, कोण काय करणार, हे आहे. मानसशास्त्रज्ञाला तेच पाहायचं असतं. स्ववर्णनात मात्र आपली एक खरी उणीव लिहा आणि ती सुधारण्यासाठी प्रत्यक्ष काय करता आहात तेही लिहा.

जीटीओच्या (गटाची चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या) मैदानी कामांत फळी, दोरी, बल्ली घेऊन गटाला अडथळे पार करायचे असतात. शिवाय गटचर्चा, नकाशावरचं नियोजन, छोटं भाषण आणि दहा वैयक्तिक अडथळे, तीन मिनिटांत. धावणं, दोरीवर चढणं, उंचावरून उडी मारणं याची सवय आधीपासून असू द्या. म्हणजे मैदानात शरीराची काळजी न करता डोकं कामावर ठेवता येतं.

मुलाखतीत पहिला प्रश्न बऱ्याचदा लांबलचक असतो, दहावीपासूनचे गुण, आवडते-नावडते शिक्षक, मित्र, मोकळा वेळ, सगळं एका दमात. क्रम लक्षात ठेवून शांतपणे उत्तर द्या. राहिलं काही तर 'सर, एक भाग राहिला' असं सांगून पूर्ण करा.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक सोय अशी की नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात राज्य शासन मुलाखतीची तयारी विनामूल्य करून घेतं, राहण्या-जेवणासकट. प्रवेश जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतो. दहावीनंतरच तयारी करायची असेल तर छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून हे काम करते आहे आणि मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. महागडे क्लास लावण्याआधी इथे चौकशी करा.

सीपीएसएस: एकच संधी

फ्लाइंगसाठी रेकमेंड झालेल्यांना, म्हणजे एएफएसबीने शिफारस केलेल्यांना, वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, सीपीएसएस द्यावी लागते. मुलाखतीत नापास झालात तर पुन्हा येता येतं. सीपीएसएसमध्ये नापास झालात तर आयुष्यात पुन्हा कोणत्याही मार्गाने फ्लाइंगला येता येत नाही. त्यानंतर ग्राउंड ड्यूटीचा रस्ता उरतो.

यात एक भाग असतो विमानातली उपकरणं वाचण्याचा. तिथे ती शिकवली जातात, पण आधी ओळख असेल तर वेग वाढतो. उंचीमापकात लहान काटा हजारांचा, मोठा काटा शेकड्यांचा. लहान काटा ४ आणि ५ च्या मध्ये, मोठा ५ वर, म्हणजे ४,५०० फूट. कृत्रिम क्षितिजात निळं आकाश, तपकिरी जमीन आणि मधोमध विमानाची खूण. क्षितिजाची रेघ डावीकडे वर उचललेली दिसली तर विमान डावीकडे कललेलं आहे. हे उलटं वाटतं, म्हणून डोळ्यांना सवय लावून घ्यावी लागते. दिशा, वेग, चढ-उताराचा दर दाखवणारी उपकरणंही अशीच समजून घ्या.

दुसरा भाग हात, पाय आणि डोळे यांच्या मेळाचा. जॉयस्टिक आणि पेडल वापरून पडद्यावरची हलती खूण जागेवर ठेवायची आणि त्याच वेळी दिवे किंवा आवाजांना प्रतिसाद द्यायचा. याची घोकंपट्टी होत नाही. आदली रात्र मात्र तुमच्या हातात असते. रेकमेंड झाल्याच्या आनंदात रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी पेडलवर पाय ठेवणारे दरवेळी असतात. तसं करू नका. फोन बंद करा, जेवा, झोपा. चाचणीत खूण चौकटीबाहेर गेली तर झटका देऊ नका, हलक्या हाताने परत आणा.

बोर्ड, गुणवत्ता यादी आणि पुढे

रेकमेंड होऊन सीपीएसएस पार केलेल्यांची वैद्यकीय तपासणी दिल्लीच्या एअर फोर्स सेंट्रल मेडिकल एस्टॅब्लिशमेंटमध्ये किंवा बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये होते. ईसीजी, मणक्याचे एक्स-रे, रक्त-लघवी, सोनोग्राफी, सगळं. अनफिट ठरवलंच तर कारण लेखी मागून घ्या. अपील मेडिकल बोर्ड आणि त्यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड अशा दोन पायऱ्या आहेत आणि त्यांना मुदत असते. वजन, दात, कानातला मळ यांसारख्या कारणांवर उपचार करून अपिलात फिट झालेले बरेच असतात. म्हणून घरी जाऊन निराश बसण्याआधी त्याच दिवशी अपिलाची तारीख विचारून घ्या.

यानंतर अखिल भारतीय गुणवत्ता यादी लागते, लेखी आणि मुलाखतीच्या गुणांवर. रेकमेंड आणि फिट असूनही जागा कमी म्हणून यादीत नाव न येणं घडतं. त्यामुळे निकालाची वाट पाहत पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायचा थांबू नका. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा.

नाव लागलं की रुजू व्हायचं ते हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या एअर फोर्स ॲकॅडमीत. एनडीएवाले तीन वर्षं खडकवासल्यात काढून मग तिथे येतात. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर हे प्रशिक्षणातल्या कामगिरीवर आणि दलाच्या गरजेवर ठरतं. रुजू होण्याआधी १.६ किलोमीटर दहा मिनिटांत, दहा पुशअप्स आणि तीन चिनअप्स जमायला हवेत असं सांगितलं जातं. हा अगदी किमान आकडा आहे. पत्र हातात पडल्यावर धावायला सुरुवात केली तर पहिल्याच महिन्यात नडगीचं दुखणं मागे लागतं आणि प्रशिक्षणातले दिवस आजारी कक्षात जातात. तेव्हा रोजचं धावणं, आणि येत नसेल तर पोहणं, निकालाची वाट न पाहता आजपासून सुरू ठेवा.